नेकारच्या काठी एक संध्याकाळ

आमच्या अब्बांकडे ‘बांग-ए-दरा’ची एक जुनी प्रत आहे. पुठ्ठा केव्हाच सुटला, पानं दोऱ्याने बांधून ठेवलेली. त्यात ‘एक शाम’ नावाची अगदी छोटी नज़्म आहे आणि शीर्षकाखाली कंसात जागेचं नाव: हायडेलबर्ग, नेकार नदीचा काठ. अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठावर बसून त्यांनी ही नज़्म कित्येक वर्षं मुलांना शिकवली. कंसातल्या त्या नदीबद्दल कुणी विचारलं की म्हणायचे, “असेल आपल्या वाशिष्ठीएवढी.”

लेकीला जर्मनीत प्रवेश मिळाला तेव्हा अब्बांनी विचारलं, विद्यापीठ कुठलं? ती म्हणाली, “हायडेलबर्ग, दादा.” अब्बांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “नेकारवालं?” त्या घडीला आम्हा दोघांना तर ते नाव आठवलंही नव्हतं.

जुलैमध्ये आम्ही तिच्याकडे जायला निघालो तेव्हा अब्बांनी काहीच मागितलं नाही, घड्याळ नाही की चॉकलेट नाही. फक्त म्हणाले, “एक बघून या. इक्बाल म्हणतात, रात्री ती नदीसुद्धा थांबल्यासारखी वाटते. वाहतं पाणी थांबल्यासारखं कसं वाटेल? खरंच तसं दिसतं का, एवढं बघा.”

फ्रँकफर्टहून हायडेलबर्गला रेल्वेने तासभर लागतो. वाटेत सगळा सपाट मुलूख, ऱ्हाइन नदीचं मैदान. शेतं, गोदामं, कारखाने. मग डाव्या हाताला अचानक डोंगरांची रांग उभी राहते. हे ओडनवाल्ड. गर्द झाडीचे, लाल वालुकाश्माचे डोंगर. नेकार नदी दक्षिणेला ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, श्वेनिंगेनजवळच्या एका दलदलीत उगम पावते. एकूण सुमारे ३६० किलोमीटर लांबीची ही नदी वळणं घेत येते आणि शेवटी ह्या डोंगरांना चिरून मैदानात उतरते. ती उतरते नेमक्या त्याच तोंडावर हायडेलबर्ग वसलं आहे. पुढे वीसेक किलोमीटरवर मानहाइमला ती ऱ्हाइनला मिळते.

एवढं लक्षात घेतलं की शहराचा सगळा आकार कळतो. दक्षिणेला क्योनिगश्टूल, ५६८ मीटर उंच. उत्तरेला हायलिगेनबर्ग, त्याहून थोडा बुटका. मधे नदी. जुनं शहर दक्षिणेच्या डोंगर आणि नदीच्या फटीत अडकलेलं, लांबट, अरुंद. एक मुख्य रस्ता दीडेक किलोमीटर सरळ जातो आणि बाकीच्या गल्ल्या त्यातून नदीकडे उतरतात. नवं शहर पश्चिमेकडे मोकळ्या मैदानात पसरलं आहे. लोकवस्ती सगळी मिळून दीड-पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे मोठं नाही आणि गावही नाही.

उत्तरेच्या डोंगरउतारावर दिवसभर ऊन असतं आणि गार वाऱ्यापासून आडोसा मिळतो. तिथून जाणाऱ्या वाटेला ‘तत्त्वज्ञांची वाट’ म्हणतात. त्या वाटेवर आम्हाला अंजिराचं झाड दिसलं. जर्मनीत अंजीर! सूरह तीन आठवली. लेक म्हणाली, इथे बदामाला मार्चमध्येच मोहोर येतो.

आम्ही चिपळूणची माणसं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत आलं होतं. त्यामुळे कुठल्याही नदीकाठी गेलो की नजर आधी पुराच्या खुणा शोधते. हायडेलबर्गच्या जुन्या पुलापाशी त्या दगडातच कोरलेल्या सापडल्या. रेघ आणि तिच्यापुढे साल. सगळ्यांत वरची १७८४ ची. त्या हिवाळ्यात नदी गोठली होती. फेब्रुवारीत बर्फ फुटला आणि बर्फाच्या लाद्यांसकट पाणी आलं. त्यात तेव्हाचा पूल गेला. दगडी खांबांवरचा, लाकडी छपराचा होता. त्यानंतर तिथला राजा कार्ल थिओडोर ह्याने आजचा दगडी पूल बांधून घेतला, १७८८ मध्ये तो पुरा झाला. १९४५ च्या मार्चअखेरीस माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनेच तो दोन ठिकाणी उडवला, अमेरिकन फौज यायच्या आदल्या दिवशी. दोन वर्षांत लोकांनी वर्गणी काढून परत उभा केला.

त्या रेघांसमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. आमच्या गल्लीतही एका दुकानदाराने भिंतीवर रंगाने रेघ मारून ठेवली होती. पुढच्या रंगकामात ती गेली.

जुन्या शहराच्या वर डोंगराच्या अंगावर किल्ला आहे. किल्ला म्हणजे खरं तर मोडलेला राजवाडा. लाल दगडाच्या उंच भिंती, खिडक्यांतून आकाश. ह्या प्रदेशाला फाल्त्स म्हणत आणि हायडेलबर्ग ही त्याची राजधानी. चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये किल्ला सुरुंग लावून फोडला, शहर जाळलं. जुन्या घरांपैकी नाव घेण्याजोगं एकच राहिलं, १५९२ चं, चर्चसमोरचं. ते बांधणारा कापडाचा व्यापारी धर्माच्या छळाला कंटाळून परमुलखातून पळून आलेला निर्वासित होता. राजवाड्याची पुढे डागडुजी सुरू झाली तर १७६४ मध्ये त्याच्यावर वीज पडली. तिथून तो तसाच. किल्ल्यात एक प्रचंड लाकडी पिंप आहे, सव्वादोन लाख लिटरच्या आसपास दारू मावेल एवढं. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. आपल्याला त्याच्याशी काय करायचं? आम्ही त्याच आवारातल्या औषधशास्त्राच्या संग्रहालयात गेलो. खल, तराजू, मातीच्या बरण्या, लहान लहान शेकडो खण. सरबत, अल्कली, अल्कोहोल हे शब्द युरोपच्या औषधांच्या दुकानात अरबीतून गेले, हे आपण ऐकून असतो. त्या बरण्या बघताना ते खरं वाटू लागतं.

किल्ल्याच्या बागेत दगडी बाक आहे. त्याच्या पाठीवर एक तुरेवाला पक्षी कोरला आहे. लेक म्हणाली, “ओळखा.” हुदहुद! सुलैमान अलैहिस्सलाम आणि सबाची राणी यांच्यामधला निरोप्या. जर्मन बागेत हुदहुद कशाला? तर १८१५ मध्ये जर्मनांचा मोठा कवी ग्योटे इथे आला होता. तो त्या काळात हाफिज़च्या फारसी शायरीच्या जर्मन भाषांतराने भारावलेला होता. मारियाने फॉन विलेमर नावाच्या एका विवाहित स्त्रीशी त्याची इथे शेवटची भेट झाली. १८१९ मध्ये ग्योटेचा ‘पश्चिम-पूर्व दिवाण’ निघाला. त्यातल्या काही कविता मुळात मारियानेच्या होत्या. हे जगाला तिच्या मरणानंतर कळलं. इक्बालांचा ‘पयाम-ए-मश्रिक’ १९२३ मध्ये आला तो ह्याच दिवाणाला पूर्वेकडून दिलेला जवाब. अब्बांनी ते पुस्तक वाचलं आहे. हुदहुदच्या बाकाचा फोटो आम्ही त्यांना तिथूनच पाठवला.

किल्ल्यावरून वर क्योनिगश्टूलला जाणारी दोरीची रेल्वे आहे. तिचा वरचा टप्पा १९०७ मध्ये सुरू झाला आणि तेव्हाचेच लाकडी डबे आजही चालतात. १९०७ हे साल लक्षात ठेवावं.

खाली चौकात पवित्र आत्म्याचं चर्च आहे. ह्या चर्चच्या माड्यांवर एकेकाळी युरोपातल्या नामांकित ग्रंथालयांपैकी एक होतं. १६२२ मध्ये कॅथॉलिक सेनापती टिलीने शहर जिंकलं आणि ग्रंथालय लुटीत गेलं. बव्हेरियाच्या राजाने ते पोपला नजर केलं. सुमारे साडेतीन हजार हस्तलिखितं आणि हजारो छापील पुस्तकं पेट्यांत भरून, खेचरांवर लादून, आल्प्सच्या घाटातून रोमला नेली. १८१६ मध्ये त्यातली ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. बाकीचं बहुतेक अजून व्हॅटिकनमध्ये आहे. त्यात अरबी हस्तलिखितंही होती. पोस्टेल नावाच्या फ्रेंच पंडिताने पूर्वेकडे हिंडून जमवलेली आणि पैशाच्या अडचणीत हायडेलबर्गच्या राजाकडे गहाण टाकलेली.

त्याच चर्चमधे एक भिंत होती. १७०६ मध्ये कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात वाटणी करण्यासाठी आत आडवी भिंत घातली. एका बाजूला एक पंथ, दुसऱ्या बाजूला दुसरा. ती १९३६ पर्यंत होती. आपल्याकडे एका मोहल्ल्यात दोन मशिदी, दोन जमाती आणि एकमेकांच्या मागे नमाज नाही, हे बघत मोठे झालेल्या आम्हाला ती भिंत काही परकी वाटली नाही.

विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीत सर्वांत जुनं. आपल्या वाचकांना त्याच्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या. १६०८ मध्ये याकोब क्रिस्टमान ह्याला इथे अरबीचा प्राध्यापक नेमलं. त्या काळी युरोपात अरबी शिकवण्याची स्वतंत्र जागा फारच थोड्या ठिकाणी होती. हा माणूस खगोलशास्त्रज्ञही होता आणि अल-फरगानीच्या खगोलशास्त्रावरच्या ग्रंथाची लॅटिन आवृत्ती त्याने १५९० मध्ये काढली होती. दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या पपायरस संग्रहाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिस्रमधून जमवलेले अरबी पपायरस इथे आले. त्यात इजिप्तचा उमय्या सुभेदार कुर्रा बिन शरीक ह्याची सरकारी पत्रं आहेत, हिजरीच्या पहिल्या शतकाच्या अखेरची. गावकऱ्यांच्या तक्रारी, थकलेला सारा, अमक्याचा हक्क तमक्याकडून मिळवून द्या, असली. आणि वहब बिन मुनब्बिह यांच्या नावाने सांगितलेल्या, दाऊद अलैहिस्सलाम यांच्या किश्श्याची प्रत, हिजरी २२९ ची. कागद हाताळता येत नाही, पण त्यांची चित्रं बघता येतात. खाडाखोड, पुसट शाई. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून बिस्मिल्लाह लिहिलेली.

विद्यापीठाच्या नव्या इमारतीच्या दारावर अक्षरं आहेत: ‘जिवंत चैतन्यास’. नाझी राजवटीत ती काढून ‘जर्मन चैतन्यास’ अशी केली होती. समोरच्याच मैदानात १७ मे १९३३ ला पुस्तकं जाळली. तिथे आता फरशीत एक पाटी आहे. ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंचं प्रार्थनाघर जाळलं. त्या जागी आज मोकळा चौक आहे आणि जिथे भिंती होत्या तिथे फरसबंदीत पांढऱ्या दगडांची ओळ. २२ ऑक्टोबर १९४० ला ह्या भागातल्या साडेसहा हजारांवर ज्यूंना एका दिवसात उचलून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवलं, त्यात ह्या शहरातलेही होते. युद्धानंतर दारावरचं ‘जर्मन’ काढून पुन्हा ‘जिवंत’ बसवलं. आम्ही उभे होतो तेव्हा मुलं दारातून आत-बाहेर करत होती, वर कुणी बघत नव्हतं. लेकही रोज त्याच दारातून जाते. तिला ते नंतर एका प्राध्यापकाने सांगितलं तेव्हा कळलं.

मराठीचा धागाही इथे आहे. १९६२ मध्ये विद्यापीठात दक्षिण आशिया संस्था निघाली. तिथले ग्युंथर सोन्थायमर धनगरांबरोबर माळरानं हिंडले, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या ओव्या त्यांनी गोळा केल्या. खंडोबाला भक्त मल्लूखानही म्हणतात, जेजुरीशी मुसलमान घराण्यांचाही संबंध आहे, हे त्यांनी नोंदवलं. १९९२ मध्ये ते वारले. आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर प्राध्यापकांना ते मराठीत बोलताना ऐकल्याचं आठवतं.

एक दिवस श्वेत्सिंगेनला गेलो. हायडेलबर्गच्या पश्चिमेला दहा किलोमीटरवर, मैदानात. तिथे कार्ल थिओडोरच्या उन्हाळी महालाची बाग आहे आणि बागेत चक्क मशीद. गुलाबी रंग, घुमट, दोन मिनार, खांबांचं आवार, पुढ्यात तळं. निकोला द पिगाज नावाच्या वास्तुकाराने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधली. नमाजासाठी नाही, शोभेसाठी. त्या काळी युरोपातल्या राजेलोकांना बागेत एखादी पूर्वेकडची इमारत असण्याची हौस होती. भिंतींवर सोनेरी अरबी अक्षरं आणि त्यांचं जर्मन. अल्लाह एकच, दौलत नाशवंत पण नेक काम टिकतं, अशी वचनं. अरबी लिहिणाऱ्याला अरबी येत नसावी. अक्षरं तुटली आहेत, नुक्ते भलतीकडे गेले आहेत. आम्ही दोघांनी बोट ठेवत ठेवत वाचायचा प्रयत्न केला. मदरशात मौलवीसाहेबांनी हातावर छडी दिली असती!

हसलो खरे. मग कळलं की १८७०-७१ च्या युद्धानंतर फ्रेंच फौजेतले उत्तर आफ्रिकेचे मुसलमान युद्धकैदी इथल्या लष्करी इस्पितळात होते आणि त्यांनी ह्या इमारतीत नमाज पढली. शोभेची मशीद काही दिवस खरी झाली. जखमी, परमुलखात, दुसऱ्याच कुणाच्या लढाईत पकडलेले ते लोक चुकीच्या अक्षरांखाली सज्द्यात गेले असतील. नंतर आम्ही जरा गप्पच होतो.

आता १९०७.

इक्बाल १९०५ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीत बसले. केंब्रिजला शिकले आणि १९०७ च्या जुलैत जर्मन शिकायला हायडेलबर्गला आले. म्युनिक विद्यापीठाला फारसी तत्त्वज्ञानावरचा प्रबंध द्यायचा होता. नोव्हेंबरात डॉक्टरेट मिळाली. वय तेव्हा २९. नेकारच्या उत्तर काठावर नोयनहाइम भागात ते राहत. त्यांना जर्मन शिकवणारी एमा वेगेनास्ट ही नेकारच्याच काठावरच्या हाइलब्रॉनची तरुणी. तिच्याबरोबर ते ग्योटे वाचत. हिंदुस्थानात परतल्यावरही ते तिला पत्रं लिहीत राहिले, अगदी १९३० च्या दशकापर्यंत. पुन्हा हायडेलबर्गला येणं त्यांना जमलं नाही. तिने लग्न केलं नाही. १९६४ मध्ये ती वारली. ह्यावर लोक बरंच काय काय लिहितात. आम्हाला एवढंच वाटतं की इक्बालांनी हायडेलबर्गच्या दिवसांची आठवण आयुष्यभर जपली आणि त्यात ह्या बाईचा वाटा होता, हे मान्य करायला काय हरकत आहे?

त्या उन्हाळ्यातले इक्बाल आपल्याला कसे दिसतात, ते मात्र तिसऱ्याच व्यक्तीमुळे. अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली मुलगी, शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला १९०६ मध्ये लंडनला गेलेली. तिची बहीण नाज़ली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांची राणी. म्हणजे मुरूडच्या! १९०७ च्या ऑगस्टमध्ये अतिया हायडेलबर्गला आली. रोज काय घडलं ते तिने लिहून ठेवलं होतं. नदीतल्या होड्या, बागांतल्या सहली, शिकवणाऱ्या बाया आणि त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलेले इक्बाल. लंडनमध्ये ज्यांच्या बोलण्याला धार होती, ते इथे मोकळे, नम्र झालेले तिला दिसले. १९४७ मध्ये मुंबईत तिने ‘इक्बाल’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात इक्बालांची तिला आलेली पत्रंही छापली. पत्रांत जंजिऱ्याच्या आमंत्रणाचा विषय येतो. आमची सोयरीक मुरूडला आहे. नवाबाच्या वाड्यावरून शेकडो वेळा गेलो असू. ह्या वाड्यातल्या बेगमची बहीण नेकारच्या काठी इक्बालांबरोबर फिरली होती, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मुरूडमध्ये नाही, शाळेत नाही, जमातीच्या कार्यक्रमातही नाही.

इक्बाल राहत ते घर नोयनहाइमच्या नदीकाठच्या रस्त्यावर आहे. भिंतीवर पाटी आहे. लेकीने वाचून दाखवली. पाकिस्तानचे राष्ट्रीय तत्त्वज्ञ, कवी, त्या देशाचे वैचारिक जनक १९०७ मध्ये इथे राहिले.

आम्ही काही वेळ बोललो नाही. लेक म्हणाली, “पण अम्मी, तेव्हा पाकिस्तान होतं कुठे?”

नव्हतंच. १९०७ मध्ये नव्हतं, आणि १९३८ मध्ये इक्बाल वारले तेव्हाही नव्हतं. ह्या घरात राहायला आलेला तरुण तीनच वर्षांपूर्वी ‘तराना-ए-हिंदी’ लिहून बसला होता. आपल्याकडे २६ जानेवारीला उर्दू असो की मराठी, शाळाशाळांतून मुलं गातात तो. पण १९३० चं अलाहाबादचं भाषणही त्यांचंच आहे. वायव्येकडच्या मुस्लिम मुलखाचं वेगळं राज्य त्यांनी तिथे मांडलं. ते खोटं कसं म्हणायचं? पाटी चुकीची नाही. पाटी फक्त उलट्या दिशेने लिहिलेली आहे. शेवटाकडून सुरुवातीकडे.

आपल्या घरांतून ह्या नावाची एक अडचण असते, ती आपण चारचौघांत बोलत नाही. अब्बांनी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात इक्बालांची तसबीर लावली होती. कुणीतरी आक्षेप घेतला आणि ती उतरवावी लागली. त्याच कार्यक्रमात मुलांनी तराना गायला आणि आक्षेप घेणाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. अब्बा रागावले नाहीत. तसबीर घरी आणून त्यांनी पुस्तकांच्या कपाटात आतल्या बाजूला ठेवली. अजून तिथेच आहे. ज्याचे शब्द चालतात त्याचा चेहरा चालत नाही, हे ओझं घेऊन आपण जगतो. आणि हायडेलबर्गला आलो तर तिथेही त्याला दुसऱ्याच्या नावावर लिहून ठेवलेलं. अतियाचं नाव तर त्या पाटीवर असण्याचा प्रश्नच नाही. तीही फाळणीनंतर कराचीला गेली, १९६७ मध्ये तिथेच वारली. तिच्यावर तरी आपण कोणत्या तोंडाने हक्क सांगायचा? पण निदान मुरूडला एखाद्या पोराला तिचं नाव माहीत असावं, असं वाटलं.

पलीकडच्या, दक्षिण काठावर नवीन शहरात नदीलगतच्या रस्त्याच्या एका भागाला ‘इक्बाल-उफर’, म्हणजे इक्बाल काठ, असं नाव आहे. वाहनांची नुसती रीघ. रात्रीच्या शांततेवर नज़्म लिहिणाऱ्याचं नाव शहरातल्या एका गजबजलेल्या रस्त्याला! नज़्मेचं जर्मन भाषांतर कोरलेला दगडही नदीकाठी आहे. लेकीने जर्मन वाचलं, आम्ही आठवेल तसं उर्दू म्हटलं. दोन्हीत ‘नेकार’ हा एक शब्द तेवढा सारखा ऐकू आला.

संध्याकाळी परत उत्तर काठावर आलो. तिथे नदीलगत लांबच लांब हिरवळ आहे. मुलं खेळत होती, बदकं फिरत होती. एक तुर्की कुटुंब चादर पसरून बसलं होतं, त्यांनी सलाम केला आणि कलिंगडाच्या फोडी पुढे केल्या. जुलैत इथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. मगरिबची वाट बघण्यात नदीकडे निवांत बघायला मिळालं.

पाणी खरंच थांबल्यासारखं दिसत होतं. पण त्याचं कारण वेगळं आहे. १९२० च्या दशकापासून नेकारवर बंधारे आणि जहाजांसाठी पाण्याचे दरवाजे बांधत गेले. मानहाइमपासून वर प्लोखिंगेनपर्यंत असे २७ टप्पे आहेत, शेवटचा १९६८ मध्ये पुरा झाला. शहराच्या वरच्या अंगाला एक बंधारा, खालच्या अंगाला दुसरा. मधलं पाणी तुंबून तळ्यासारखं राहतं. इक्बालांच्या वेळी ह्यातलं काही नव्हतं. तेव्हा नदी मोकळी होती, धारेला जोर होता. शिवाय नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकलेली होती आणि तिला धरून ओढत वर जाणारी आगबोट चाले, १८७८ पासून १९३५ पर्यंत. तिचा भोंगा असा वाजे की लोक तिला ‘नेकारचं गाढव’ म्हणत. म्हणजे ज्याने दिवसभर हे गाढव ओरडताना ऐकलं, धावतं पाणी पाहिलं, त्याला रात्री तीच नदी थांबल्यासारखी वाटली. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर पाण्यात नव्हतंच.

मगरिबला आम्ही हिरवळीच्या कडेला चादर टाकली. आपल्याकडे किबला पश्चिमेला, इथे आग्नेयेला. त्यामुळे तोंड आलं ते नदीपलीकडच्या डोंगराकडे. सलाम फेरला तेव्हा पलीकडे दिवे लागले होते.

चिपळूणला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. फोन करण्यात अर्थ नव्हता. अब्बांना आवाजी निरोप पाठवला, बंधारे, साखळी, गाढव सगळं सांगितलं. पाच मिनिटांचा झाला. सकाळी उठलो तर त्यांचं उत्तर आलेलं होतं, फज्रनंतर पाठवलेलं. मागे कोंबडा आरवत होता. म्हणाले, “ते बंधाऱ्याचं ठीक आहे. पण रुंदी किती? वाशिष्ठीएवढी आहे का?”

लेकीने पुलावर जाऊन पावलं मोजली. जुना पूल दोनशे मीटरच्या आसपास भरला. बाजारपुलाजवळ वाशिष्ठी किती रुंद आहे, ते आता घरी गेल्यावर मोजायचं आहे.